टाळ्या फक्त पडद्यापुरत्या?

मी जबलपूरहून बोलतोय.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला 'फिनोकिओज' नावाचा नाइटक्लब होता. 1936 पासून 1999 पर्यंत चालला. पुरुष बायकांच्या वेशात गायचे, नाचायचे आणि पर्यटक बसगाड्या भरून बघायला यायचे. याला तिकडे 'ड्रॅग' म्हणतात. हे ऐकलं की आपण म्हणतो, काय एकेक खूळ असतं लोकांचं!

जरा थांबा. आपलं संगीत नाटक आठवा. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. 1913 मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांची भामिनी, त्यांची सिंधू बघून आलेल्या घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला लागल्या. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. स्वराज्याच्या कामालाही साडी नेसलेला पुरुष चालला. त्याचा आपल्याला आजही अभिमान आहे.

आता माझ्या गावाकडे या. आमच्या शेजारच्या कटनीत कमला जान नावाच्या तृतीयपंथी उमेदवार महापौर म्हणून निवडून आल्या. पद महिलांसाठी राखीव होतं. लोकांनी मतं दिली, पण प्रकरण कोर्टात गेलं. 2003 मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयात निकाल लागला: त्या स्त्री नाहीत, निवड रद्द.

नट आणि तृतीयपंथी एक नव्हेत, हे मला कळतं. नट प्रयोग संपला की रंग पुसतो. कमला जान यांचं ते रोजचं जगणं होतं. पण म्हणूनच हा प्रश्न मला सोडत नाही. तीन तासांपुरता स्त्री झालेल्या पुरुषाला आपण 'गंधर्व' म्हटलं. जन्मभर स्त्री म्हणून जगणाऱ्या माणसाला मात्र खुर्चीवरून उठवलं.

पुढे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे. कायदा पुढे सरकला. आपलं काय?

सिग्नलला कुणी टाळी वाजवली की आपण गाडीची काच वर करतो. पुढच्या वेळी काच वर करण्याआधी एवढंच आठवा: थिएटरात टाळ्या वाजवणारे आपणच होतो.