सही शेवटी वाचावी



सीमाभागातल्या एका होमिओपॅथी डॉक्टरने जपानी तलवारीच्या चकतीवर बोलावे, हे तुम्हांला विचित्र वाटेल. त्यातून मी जैन. घरात पाते कधी येणार नाही, हे मी लग्नातच कबूल केले आहे. घरात आहे ती फक्त चकती. मूठ आणि पाते यांच्यामध्ये बसणारी, सात-आठ सेंटिमीटर रुंदीची. जपानी लोक तिला त्सुबा म्हणतात.

पहिली त्सुबा माझ्याकडे एका वृद्ध रुग्णाने आणली. त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते. "डॉक्टर, ही कुठली, एवढे सांगा," म्हणाले. काळपट, गंजल्यासारखी लोखंडी चकती होती. मी उत्साहाने चिंच लावली, रांगोळीने तासभर घासली आणि चांदीसारखी लख्ख करून ठेवली. उत्तराचा अर्धा भाग मी मोरीत ओतला होता, हे मला चार वर्षांनी कळले.

लोखंडी त्सुबेवरचा तो काळा-तपकिरी थर घाण नसतो. कारागीर तो मुद्दाम आणतो आणि पुढची दोन-तीनशे वर्षे तो मुरत जातो. बिदरीचे भांडे तुम्ही पाहिले असेल. त्याचा काळा रंग लावलेला नसतो, बिदरच्या किल्ल्यातली माती आणि धातू यांच्या क्रियेतून तो येतो. जपानी शाकुदोचेही तसेच. तांब्यात तीन-पाच टक्के सोने मिसळून विशिष्ट द्रावणात उकळले की जांभळट काळी झाक येते. ती घासली की खाली उरते नुसते तांबे.

आता ओळख कशी पटवायची? नवशिक्या आधी सही शोधतो. दवाखान्यात रुग्ण दारातूनच "मला संधिवात आहे" म्हणत येतो, तसेच हे. तो सांगतो ते ऐकावे, पण लगेच कागदावर उतरवू नये. नोबुइए हे लोखंडी त्सुबेतले फार मोठे नाव, आणि म्हणूनच ते नाव दुसऱ्यांनी भरपूर कोरले. उलट गोतो घराण्याच्या पहिल्या पिढ्यांनी बहुतेक कामावर सहीच केली नाही. मूळ पुरुष गोतो युजो (१४४०–१५१२) हा आशिकागा शोगुनच्या पदरी होता. त्याची कामे पुढच्या वंशजांनी पारखली आणि 'हे युजोचे' असे स्वतःच्या नावानिशी कोरून ठेवले. म्हणजे खऱ्यावर सही नाही, खोट्यावर मात्र ठसठशीत!

म्हणून आधी धातू पाहा. मग कडा. खिडकीच्या उजेडात चकती तिरपी धरा आणि कडेवरून बोट फिरवा. लोखंडात मध्येच कठीण गाठी लागल्या, तर त्यांना जपानीत 'लोखंडाची हाडे' म्हणतात. ओवारी प्रांतात, म्हणजे आजच्या नागोयाच्या परिसरात, त्या विशेष आढळतात. ओवारीची जाळी जाड, ठाम, दोन्ही बाजूंना तोललेली असते. क्योतोची जाळी त्याच लोखंडात, पण बारीक आणि नाजूक. दोन्ही शेजारी ठेवल्या की डोळ्यांना फरक कळतो. शब्दांत तो नीट पकडता येत नाही.

क्यूशूतल्या हिगोचे काम मला सर्वांत प्रिय. १६३२मध्ये होसोकावा घराणे तिथे गेले. त्यांतला सान्साई हा सेन नो रिक्यूचा शिष्य, चहाच्या विधीतला साधेपणा अंगी मुरलेला. तिथल्या त्सुबेत दाखवेगिरी नाही. बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांवर सोन्याचा पत्रा ठोकायचा, ही तिथली एक रीत. आपल्याकडे हेच काम कोफ्तगिरी म्हणून चालते.

गोव्याकडच्या वाचकांसाठी एक इशारा. 'नानबान' त्सुबा असा एक प्रकार आहे. एकमेकींत गुंतलेल्या वेली, ड्रॅगन, आतून पोखरून काढलेले कोरीवकाम. नानबान म्हणजे दक्षिणेकडचे रानटी, आणि हे नाव जपान्यांनी पोर्तुगीजांना लावले होते. त्यांची जहाजे गोव्याहून मलाक्का, मकाव करीत नागासाकीला जात, त्यामुळे या त्सुबा पोर्तुगीजांनी आणल्या असे वाटते. पण पोर्तुगीज १६३९मध्ये हाकलले गेले, आणि यांतल्या बहुतेक त्यानंतरच्या. नक्षीत चिनी वळणच जास्त. नावावर जाऊ नका, तिथेही नाही.

मधल्या पाचरीसारख्या भोकात तलवारीचे शेपूट बसते. त्याच्या कडेला तांब्याचे तुकडे ठोकलेले दिसले, तर ती त्सुबा एकाहून अधिक तलवारींवर बसली असावी. भोक अगदी कोरे, कुठे घासल्याची खूण नाही, तर सावध व्हा. १८७६मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि कित्येक कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी काम करू लागले. सगळेच काही हलके नव्हते. कानो नात्सुओने तर मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांचे ठसे कोरले.

एवढे झाल्यावर भोकाशेजारची सही वाचा. 'बुशू जू' असेल तर मुसाशीचा रहिवासी, म्हणजे आजच्या तोक्योकडचा. लोखंड आणि सही एकच गोष्ट सांगत असतील तर ठीक. नसतील, तर मी लोखंडाचे ऐकतो.

गंज काढायला जुने लोक हरणाचे शिंग किंवा हाड वापरतात. मी बांबूची काडी वापरतो. वेळ लागतो, पण काम होते.

त्या रुग्णाला मी शेवटी सांगितले, "कडेला हाडे लागतात, जाळी जाड आहे, ओवारीची असावी. पण वरचा थर मी घालवला, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही." सही होती, तीही माझ्या घासण्याने पुसट झालेली. ते बराच वेळ चकती हातात फिरवत राहिले. "बाबांनी इतकी वर्षे कधी पुसलीसुद्धा नव्हती हो," एवढेच म्हणाले, आणि तपासायचे पैसे टेबलावर ठेवून गेले.

तुमच्या घरच्या ट्रंकेत अशी एखादी चकती असेल तर जरूर घेऊन या. जशी असेल तशी आणा, धुऊन नको.