दप्तर बदलतांना

दिवाळींत वह्यांची पूजा करण्याचा प्रघात जुन्या पेढ्यांवर अजून चालू आहे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचें स्वस्तिक काढावयाचें, मागील वहींतील येणें-देणें व हातची शिल्लक पुढें ओढावयाची, आणि जुनी वही फडक्यांत बांधून फडताळांत ठेवावयाची, एवढाच तो विधि. परंतु या साध्या कृतींत एक निर्णय असे. बुडालेल्या कुळाचें नांव नव्या वहींत चढवावें कीं जुन्या वहींतच सोडावें, याविषयीं शेटजी व दिवाणजी यांचें बोलणें होई, आणि मगच बोरू शाईंत बुडविला जाई.

आजच्या मोठ्या कंपनीची वही संगणकांत असते. सांगलीच्या एखाद्या दुकानदारानें दहा पंपांची मागणी पाठविली, कीं त्या एका नोंदीच्या धाग्यानें कोठारांतून माल सुटतो, बिल निघतें, त्यावर जी. एस. टी. आकारला जातो, दुकानदाराच्या खात्यावर रक्कम चढते, आणि शिल्लक माल फार उतरला असेल तर कारखान्यांत नवे पंप करण्याची सूचना जाते. खरेदी, उत्पादन, विक्री, पगार, जमाखर्च या सर्वांस एकत्र गुंफणाऱ्या या प्रणालीस एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग, किंवा थोडक्यांत ई. आर. पी., असें म्हणतात. ती बंद पडली तर मालानें भरलेला ट्रक फाटकाशीं उभा असूनही चलनावांचून हलूं शकत नाहीं.

अशा प्रणाली करणाऱ्या कंपन्यांत जर्मनींतील सॅप ही फार मोठी. आय. बी. एम. मधून बाहेर पडलेल्या पांच जणांनीं ती १९७२ सालीं काढली. तिची ई. सी. सी. या नांवाची प्रणाली जगभरच्या कारखान्यांत वर्षानुवर्षें चालत आली आहे. २०१५ सालीं सॅपनें एस-फोर हाना ही नवी प्रणाली आणली आणि जुनीची देखभाल थांबविण्याची मुदत सांगितली. प्रथम २०२५ सांगितलेली मुदत २०२० सालीं वाढविली गेली. तीप्रमाणें ई. सी. सी.च्या अलीकडील आवृत्त्यांस २०२७ च्या अखेरपर्यंत नेहमीची देखभाल मिळावयाची, आणि जादा पैसे भरणाऱ्यास २०३० च्या अखेरपर्यंत. मुदत टळली म्हणून जुनें दप्तर त्या दिवशीं थांबत नाहीं. परंतु कराचा नियम बदलला तर त्यास अनुसरून होणारी दुरुस्ती कोणी पाठवीत नाहीं. म्हणून अनेक कंपन्यांच्या चालकांपुढें एकच प्रश्न उभा राहिला आहे: नव्या दप्तरांत जावयाचें तें कोणत्या वाटेनें?

वाटा मुख्यतः तीन. पहिली पाडव्याच्या नव्या वहीची. प्रणाली कोरी मांडावयाची, कामाच्या रीती नव्यानें ठरवावयाच्या, आणि जुन्यांतून मालाच्या व गिऱ्हाइकांच्या याद्या, अपुऱ्या मागण्या व शिल्लक बाक्या एवढेंच आणावयाचें. हिला ग्रीनफील्ड, म्हणजे मोकळें रान, असें नांव पडलें आहे. दुसरी वाट ब्राउनफील्डची. येथें जुनी वही आहे तशीच, सर्व वर्षांच्या नोंदींसह व सर्व संवयींसह, नव्या रूपांत पालटली जाते. तिसरी वाट या दोहोंच्या मधली: कंपनीचे कांहीं विभाग, कांहीं वर्षांच्या नोंदी, कांहीं रीती निवडून तेवढ्याच पुढें न्यावयाच्या.

सल्लागार मंडळी या तीन वाटांचे महिने व खर्च यांचें कोष्टक मांडून देतात. कोष्टक उपयोगी असतें; पण तें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आहे. पहिला प्रश्न असा, कीं आपल्या कोणत्या संवयी राखण्यासारख्या आहेत, हें कंपनीस ठाऊक आहे काय?

सॅपच्या प्रणालींत गिऱ्हाईक कंपनीनें स्वतः लिहविलेल्या कार्यक्रमांचीं नांवें वाय किंवा झेड या अक्षरानें सुरू करण्याचा नियम आहे. वीस वर्षांत असे कार्यक्रम हजारोंनीं सांचतात. एखाद्या जुन्या अधिकाऱ्यानें मागितलेला तक्ता, तो अधिकारी निवृत्त झाला तरी, निघतच राहतो आणि कोणी वाचीत नाहीं. उलट एखादा लहानसा कार्यक्रम असा असतो, कीं ओलसर हवेंत खराब होणारा माल आधीं बाहेर काढण्याची कोठीवाल्याची सारी हुशारी त्यांतच सांठविलेली असते. कोणता वापरांत आहे हें मोजतां येतें. मात्र तें महिनाभर मोजून भागत नाहीं. एकतीस मार्चला, वर्षांतून एकदांच चालणारा कार्यक्रम त्या मोजणींतून निसटतो, आणि त्याची आठवण पुढच्या एकतीस मार्चला होते. पुरें वर्ष मोजावें, आणि शिवाय कोठीवाल्यास विचारावें. हें दुसरें काम बहुधा राहून जातें, कारण कोठीवाला सभांना बोलावला जात नाहीं.

संवयीचा हट्ट किती महाग पडतो याचें उदाहरण जर्मनींतच घडलें. लिडल ही किराणा मालाच्या दुकानांची मोठी कंपनी. तिनें २०११ सालीं सॅपची प्रणाली बसविण्यास आरंभ केला आणि २०१८ सालीं तें काम अर्ध्यावर सोडून दिलें. वृत्तपत्रांनीं खर्चाचा आंकडा सुमारें ५० कोटी युरो दिला. दुकानांतील मालाची किंमत लिडल खरेदीच्या भावानें धरी. प्रणालीची मूळ रचना विक्रीच्या भावाची होती. कंपनीनें आपली रीत सोडली नाहीं, प्रणालींत फेरफार करविले, आणि फेरफारांवर फेरफार चढत गेले. खरेदीच्या भावानें किंमत धरण्यांत कांहींच वावगें नाहीं. परंतु जी रीत सोडावयाची नाहीं असें पक्कें ठरलें आहे, ती जिला मानवत नाहीं अशी प्रणाली घ्यावीच कशाला, हा प्रश्न सात वर्षें आधीं सोडवावयाचा होता.

रूपांतराची वाट स्वस्त व निर्धोक दिसते, म्हणून मन तिकडे धांवतें. तीही पूर्वतयारीवांचून चालतां येत नाहीं. जुन्या प्रणालींत माल घेणारे व माल पुरविणारे यांच्या याद्या वेगळ्या असत. नवींत त्या एक होतात. एकाच व्यापाऱ्याचें नांव तीन प्रकारें लिहिलेलें असेल तर तो घोळ आधीं निस्तरावा लागतो. तसेंच जमाखर्चाची वही व उत्पादनखर्चाची वही पूर्वीं निरनिराळ्या होत्या आणि महिन्याच्या अखेरीस त्यांचा मेळ घालीत. आतां दोन्हीं नोंदी एका वहींत पडतात. ज्यांचा मेळ वर्षानुवर्षें ओढूनताणून बसविला गेला असेल, त्यांस हें रूपांतर कठीण जातें. ज्यांच्या नोंदी स्वच्छ आहेत व रीती सुदृढ आहेत, त्यांनीं मात्र ही वाट खुशाल धरावी. चार कंपन्या विकत घेऊन चार दप्तरें गोळा केलेल्या कंपनीस निवडक वाट अधिक मानवते. आणि जेथें कोणती रीत कां आहे हें कोणासच सांगतां येत नाहीं, तेथें कोरी वही घेण्यावांचून गत्यंतर नाहीं, खर्च कितीही होवो.

कोरी वही घेणाऱ्यानें जुनी फेंकून द्यावी, असें मात्र नव्हे. आपल्या देशांत २०१३ च्या कंपनी कायद्यानें हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षें राखणें भाग आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरनें प्रत्येक फेरबदलाची, तो केव्हां झाला या तपशिलासह, नोंद ठेवली पाहिजे, असाही नियम आहे. तेव्हां जुनें दप्तर वाचण्यापुरतें उघडें ठेवण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकांत धरावा लागतो.

वाट ठरली तरी वेळ ठरावयाची राहते. सारे कारखाने एकाच दिवशीं नव्या दप्तरांत न्यावयाचे, कीं एकामागून एक? एकामागून एक नेल्यास धोका लहान होतो. पण मधल्या काळांत जुनें व नवें यांच्यामध्यें तात्पुरते पूल बांधावे लागतात आणि कारकुनांस दुहेरी काम पडतें. एका दिवशीं नेल्यास काय होऊं शकतें, हें अमेरिकेंतील हर्शी या चॉकलेटच्या कंपनीनें १९९९ सालीं अनुभवलें. सुमारें चार वर्षांचें काम, सन २००० च्या तारखांच्या धास्तीनें, अडीच वर्षांत बसविलें गेलें. तीन निरनिराळ्या कंपन्यांचीं सॉफ्टवेअरें एकदमच सुरू झालीं, आणि तीं जुलै महिन्यांत, म्हणजे हॅलोवीनच्या सणासाठीं मिठाईच्या मागण्या येऊं लागतात नेमक्या त्याच दिवसांत. सुमारें दहा कोटी डॉलरांच्या मागण्या पुऱ्या करतां आल्या नाहींत. कोठारांत माल होता! गर्दीच्या दिवसांत जादा माल इकडे-तिकडे ठेवण्याची तेथें रीत होती, आणि त्या सर्व जागा नव्या प्रणालींत नोंदल्या गेल्या नव्हत्या, असें त्या घटनेविषयीं पुढें लिहिलें गेलें. येथेंही पुन्हां कोठीवालाच आला. त्या तिमाहींत कंपनीचा नफा सुमारें १९ टक्क्यांनीं उतरला.

श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरचा मुलगा किंवा सून पुण्यांत वा बंगळुरांत हेंच काम करीत असेल, आणि एखाद्या शुक्रवारीं रात्रीं दार लावून बसली ती सोमवारीं सकाळीं बाहेर आली, असें घरांतील मंडळींनीं पाहिलें असेल. कंपनी शुक्रवारीं जुनें दप्तर मिटते आणि सोमवारीं नवें उघडते; मधल्या दोन दिवसांत सर्व नोंदी हलवून, बेरजा ताडून पाहावयाच्या असतात. चांगल्या कंपन्यांत या दोन दिवसांच्या दोन-तीन रंगीत तालमी आधीं होतात, खऱ्या नोंदींच्या प्रतीवर आणि हातांत घड्याळ धरून. रविवारचा एक तास आधींच ठरविलेला असतो. तोंपर्यंत बेरजा जुळल्या नाहींत तर जुनेंच दप्तर पुन्हां उघडावयाचें व नव्याची तारीख पुढें ढकलावयाची. त्या तासाला निर्णय कोणी द्यावयाचा, त्याचें नांवही तालमीच्या आधीं कागदावर लिहून ठेवलेलें असतें.