पाहणी आणि सही
(शेणवा येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



बांधकामावरील सुरक्षिततेच्या पाहणीविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी स्वागतमंडळाची आज्ञा झाली. ज्ञातिमेळाव्यात हा विषय कशास, असे कोणास वाटणे साहजिक आहे. परंतु शहापूर-मुरबाडकडील आपल्या घरांतले कितीतरी तरुण आज मुकादम, पर्यवेक्षक किंवा लहान ठेकेदार म्हणून बांधकामावर उभे आहेत आणि त्यांच्या एका सहीवर अनेकांचे प्राण अवलंबून असतात.

31 जुलै आणि 1 ऑगस्ट 2023 यांमधील रात्र आपण विसरलेलो नाही. याच तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविणारे अजस्र यंत्र सुमारे 100 फुटांवरून कोसळले आणि 20 जण प्राणांस मुकले. उत्तर प्रदेश, बिहार, तामिळनाडू अशा दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेली ती माणसे होती. 5 जून 2025 रोजी तो महामार्ग पूर्णपणे खुला झाला. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायसंस्थेचे काम. बोध घेणे हे आपले.

कायदा नाही असे नाही. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली स्वतंत्र कायदा झाला. त्याखालील 1998 च्या केंद्रीय नियमांनी, ओझी उचलणाऱ्या यंत्रांची जाणत्या माणसाकडून वर्षातून एकदा तरी कसून तपासणी व्हावी, असे सांगितले. त्या कायद्याने 500 कामगारांच्या कामावर सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला होता; 2020 च्या नव्या संहितेने ती मर्यादा 250 वर आणली. पण आपल्याकडील बहुतेक कामे दहा-वीस माणसांची. तेथे असा अधिकारी यावयाचा नाही; तेथे मुकादमाचे डोळे हीच पाहणी.

ती पाहणी बसल्या जागी होत नसते. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी परांचीभोवती फिरावे, दोरीच्या गाठी हाताने ओढून पाहाव्यात, फळी हलते काय ते पायाने अजमावावे. आपल्या मुलखात पाऊस दांडगा. रात्रीच्या सरीने जमीन भिजली की स्लॅबखालचे टेकू खचतात, सुतळी कुजते, विजेच्या उघड्या तारा ओल्यात पडतात. पाच फुटांहून खोल चराच्या कडांना आधार हवा, आणि उपसलेली माती काठावर न रचता दूर टाकावी. तिच्याच भाराने काठ ढासळतो. डोक्यावर टोपी आणि उंचीवर सुरक्षापट्टा आहे की नाही हे पाहावे. आणि पट्टा बांधला आहे, पण तो कशास अडकविला आहे, हेही पाहावे.

हे सारे पाहून मग सही करावी. न पाहता केलेली सही म्हणजे खोटी साक्ष होय.

आता खरी अडचण सांगतो. दोष दिसला तर काम थांबवावे लागते, आणि काम थांबविणाऱ्या तरुणास मालक म्हणतो, "सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." घरी म्हातारे आईबाप, बहिणीचे लग्न, डोक्यावर कर्ज, अशा वेळी एकट्याने धैर्य धरणे कठीण. म्हणूनच हा विषय ज्ञातीचा आहे. सही नाकारल्यामुळे ज्याची रोजी गेली, त्याला आपण नादान न म्हणता दुसरे काम मिळेपर्यंत हात द्यावा. आपल्यातील ठेकेदार बंधूंनी अशा माणसास आपल्या कामावर आवर्जून घ्यावे. आणि आपण स्वतः घर बांधू, तेव्हा परांचीच्या खर्चात घासाघीस करू नये.

भिंत पुन्हा उभारता येते. गेलेला कर्ता मुलगा परत येत नाही. एवढे ध्यानी धरावे, अशी नम्र विनंती.