पृथ्वीच्या उष्णतेचा जमाखर्च



सूर्य पृथ्वीला रोज तापवतो. मग ती दिवसेंदिवस अधिकाधिक तापत का जात नाही? एखाद्या चौकस मुलाने हा प्रश्न विचारला, तर “रात्री ती निवते” एवढेच सांगून त्याला खाली बसवू नये. त्या प्रश्नात मोठे शास्त्र दडलेले आहे.

पत्र्याचा एक डबा घ्यावा, बुडाजवळ खिळ्याने भोक पाडावे आणि वरून पाण्याची बारीक, एकसारखी धार धरावी. पाणी चढू लागते. परंतु जसजशी पातळी वाढते, तसतशी भोकातून पडणारी धारही जोर धरते. अखेर जेवढे पाणी येते तेवढेच जाऊ लागते व पातळी स्थिर होते. पृथ्वीचे तापमान या पातळीसारखेच आहे. सूर्यप्रकाश ही वरची धार. आणि तापलेली पृथ्वी अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात जी उष्णता सोडते, ती खालची धार होय. पृथ्वी जितकी तापेल, तितकी अधिक उष्णता ती सोडते.

आता आकडे पाहावेत. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्यासमोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट शक्ती येते. पृथ्वीचा गोल आकार व दिवसरात्र ध्यानी घेता तिची सरासरी सुमारे ३४० वॅट होते. त्यांपैकी सुमारे ३० टक्के भाग ढग, बर्फ, वाळू इत्यादींवरून परत जातो. उरलेल्या सुमारे २४० वॅटांचा हिशेब केला, तर पृथ्वीचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असावयास हवे. प्रत्यक्षात ते सरासरी १५ अंशांच्या आसपास आहे. हा ३३ अंशांचा फरक कोठून आला?

याचे उत्तर वातावरणात आहे. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड इत्यादी वायू सूर्यप्रकाश बव्हंशी आत येऊ देतात. परंतु पृथ्वीची बाहेर जाणारी उष्णता शोषून तिचा काही भाग पुन्हा खाली पाठवतात. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रयोगाने वायूंचा हा गुण दाखवून दिला. ढगाळ रात्र उबदार व निरभ्र रात्र गार, हा शेतकऱ्याच्या मुलाचा नित्याचा अनुभवही याच जातीचा आहे.

आता डब्याचे भोक बोटाने थोडे झाकावे. वरची धार तीच, तरी पाणी चढते व अधिक उंचीवर स्थिरावते. दगडी कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्य हेच करीत आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. सूर्याची धार मात्र त्या मानाने वाढलेली नाही.

म्हणून आकडे पाठ करून घेण्यापूर्वी डबा दाखवावा, आणि भोक झाकल्यावर काय होईल हे आधी मुलांनाच सांगू द्यावे. त्यांच्यापैकी पुष्कळांना पुढे वाढत्या उष्म्यातच शेती करावयाची आहे. त्या उष्म्याचे कारण त्यांना शाळेतच उमगावे, ही जबाबदारी शिक्षकाची होय.