यंत्रमानवाच्या आत कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८०च्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना दूरदर्शनवरचा ‘जायंट रोबॉट’ नक्की आठवत असेल. मनगटावरच्या घड्याळात बोलून हुकूम सोडणारा जॉनी नावाचा लहान मुलगा आणि तो हुकूम पाळणारा इमारतीएवढा यंत्रमानव. आमच्या गोवंडीत तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हता. ज्याच्याकडे असे, त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. मालिका संपली की आम्ही पोरं आपापल्या रिकाम्या मनगटाशी बोलत गल्लीभर हिंडायचो. शेवटच्या भागात रोबॉट जॉनीचा हुकूम मोडतो, शत्रूला घेऊन अंतराळात झेपावतो आणि स्वतःही नष्ट होतो. त्या दिवशी गल्लीत कुणीच खेळलं नाही.

ही मालिका १९६७-६८ सालची, जपानी. ती खऱ्या नटांची होती. पण मूळ कल्पना एका चित्रकथाकाराची. मित्सुतेरू योकोयामा त्याचं नाव. १९३४ साली कोबे शहरात जन्मलेला. त्याचं लहानपण ऐन महायुद्धातलं, आणि १९४५ साली बॉम्बहल्ल्यांत त्याचं शहर बेचिराख झालेलं. १९५६ साली त्याने ‘तेत्सुजिन २८’, म्हणजे ‘लोहपुरुष क्रमांक २८’, ही चित्रकथा सुरू केली. युद्धासाठी बनवलेला एक प्रचंड यंत्रमानव युद्धानंतर एका मुलाच्या हाती येतो. या यंत्राला स्वतःची अक्कल नाही. नियंत्रणाची पेटी ज्याच्या हाती, त्याचं ते ऐकणार. चांगल्याच्या हाती गेलं तर चांगलं, वाइटाच्या हाती गेलं तर वाईट.

पुढे १९७२ साली गो नागाई या चित्रकथाकाराने आणखी एक पाऊल टाकलं. वाहतूक कोंडीत अडकला असता त्याच्या मनात आलं, की या गाडीला पाय फुटले असते तर पुढच्या गाड्या ओलांडून गेलो असतो! घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर अडकलेल्या कुणालाही हा विचार परका वाटणार नाही. त्यातून ‘माझिंगर झेड’ जन्मला. त्याचा चालक बाहेर उभा राहून हुकूम देत नाही, तर यंत्राच्या डोक्यात जाऊन बसतो.

इथे गोष्ट बदलते. माणूस आत बसला की यंत्राला बसलेला धक्का त्यालाही बसतो. हे सगळ्यात स्पष्टपणे ओळखलं योशियुकी तोमिनो या दिग्दर्शकाने. ७ एप्रिल १९७९ रोजी त्याची ‘मोबाइल सूट गंडम’ ही सचेतन चित्रमालिका सुरू झाली. नायक पंधरा वर्षांचा आमुरो. हल्ला होतो, मोठी माणसं मारली जातात आणि हा मुलगा माहितीपुस्तिका चाळत १८ मीटर उंचीच्या यंत्रात शिरतो. समोरचा शत्रू राक्षस नसतो. तोही तसल्याच यंत्रात बसलेला माणूस असतो. आमुरो जिंकतो, पण त्याची झोप उडते, तो चिडचिडा होतो, ‘मला पुन्हा आत बसायचं नाही’ म्हणतो. प्रेक्षकसंख्या कमी म्हणून ५२ भागांची ही मालिका ४३ भागांतच आटोपावी लागली. नंतर मात्र पुनःप्रक्षेपणांनी आणि प्लास्टिकच्या जुळणी-खेळण्यांनी तिला असं काही उचलून धरलं, की गंडमच्या नव्या मालिका आजतागायत निघत आहेत. या साऱ्यांच्या तळाशी प्रश्न एकच आहे. धोक्याच्या जागी पाठवायचं कुणाला?

हा प्रश्न जपानचाच आहे असं मानू नका. गोवंडीपासून ट्रॉम्बे काही किलोमीटरवर. ज्या १९५६ साली ‘लोहपुरुष’ छापला जाऊ लागला, त्याच वर्षी ४ ऑगस्टला तिथली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे, पण हात लावायचा नाही, ही तिथली अडचण. त्यावरचा उपाय म्हणजे यांत्रिक हात. जाड भिंतीच्या आणि शिसेयुक्त काचेच्या अलीकडे माणूस उभा राहतो. तो मूठ मिटतो तशी पलीकडचा यांत्रिक पंजा मूठ मिटतो. अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या अखेरीस अशी यंत्रं घडली. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने ती स्वतः बनवली. जॉनीच्या घड्याळापेक्षा हे मला मोठं नवल वाटतं. इथे यंत्र धोक्यात जातं आणि माणूस काचेच्या अलीकडे सुखरूप राहतो.

आता याच गोवंडीतली दुसरी घटना. २३ डिसेंबर २०१९ रोजी इथल्या एका गृहनिर्माण संस्थेची मलटाकी साफ करायला उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि इशारा मिळत नाही. कामगारांच्या विधवा न्यायालयात गेल्या. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकीला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी भरपाईची रक्कम ३० लाख केली. सुरक्षासाधनांशिवाय कुणाला गटारात वा मलटाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यंत्र नाही, असंही नाही. २०१५ साली कोळिकोडला गटारात अडकलेल्या दोन कामगारांना वाचवायला एक रिक्षाचालक उतरला आणि तिघेही गेले. त्यानंतर केरळातल्या काही तरुण अभियंत्यांनी ‘बँडिकूट’ नावाचा यंत्रमानव बनवला. तो मॅनहोलमध्ये उतरतो आणि चालवणारा वर उभा राहून पडद्यावर बघत त्याला चालवतो. गंमत अशी, की याच मुलांनी कॉलेजात असताना अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा बनवला होता. म्हणजे सुरुवात त्यांनीही आमच्यासारखीच स्वप्नातल्या यंत्रमानवापासून केली. आणि मलटाकीसाठी तर एवढंही लागत नाही. मैला खेचणारी पंपाची गाडी बोलावली तरी पुरे.

श्रोतेहो, ती गाडी बोलवायची की दोन माणसं स्वस्तात उतरवायची, हे कुठलं प्रयोगशाळेतलं गूढ नाही. ते आपल्या सोसायटीच्या बैठकीत, आपल्यासमोर ठरतं. पुढच्या वेळी ‘टाकी साफ करणे’ हा विषय आला, की एवढंच विचारा: आत कोण उतरणार आहे? उत्तरात माणूस आला, तर तिथेच नाही म्हणा.