पश्चिमेची खिडकी



घर थंड राखण्याविषयीं बोलणें निघालें कीं लोक यंत्रांकडे वळतात. मी मात्र आज खिडकीविषयीं बोलणार आहें. आणि तीहि घरांत आहे त्याच खिडकीविषयीं. नवी दुहेरी कांच बसविण्याचें ज्यांच्या खिशाला परवडतें, त्यांना माझ्यासारख्या मास्तराच्या सल्ल्याची गरज नाहीं.

नागपुरांत मे महिन्यांत पारा कितीदां ४५ अंशांपलीकडे जातो. आमच्या घरीं पश्चिमेच्या खोलींत माझ्या थोरल्या भगिनी असतात. वय पंचाहत्तर, हृदय दुबळें. गेल्या उन्हाळ्यांत वातानुकूलन यंत्र दुपारीं तीनपासून अखंड चाले, तरी रात्रीं दहापर्यंत त्यांची तगमग थांबत नसे. "अरे, यंत्र वारा देतें, पण खिडकीकडून वाफारा येतो," असें त्या सांगत. मुलानें मोठें यंत्र आणावयाचें ठरविलें. मीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

दुपारीं चार वाजतां खिडकीच्या पडद्याला हात लावला आणि चटकन् मागें घेतला. उभ्या कांचेवर मावळतीकडचें प्रखर ऊन पडलें म्हणजे दर चौरस मीटरामागें चारशें-पांचशें वॅट उष्णता आंत येते. आमची खिडकी दोन चौरस मीटरांची. म्हणजे जी खोली थंड करावयाची, तिच्यांतच आम्ही रोज जवळजवळ हजार वॅटची शेगडी पेटवीत होतों!

पडदा जाड होता हें खरें, पण तो कांचेच्या आंत होता. ऊन कांचेतून सहज शिरतें. पडद्यावर पडून त्याची धग होते. आणि ती धग मात्र कांच सरळ बाहेर जाऊं देत नाहीं. चोर घरांत शिरल्यावर दार लावावें, त्यांतलाच हा प्रकार. वाळ्याचे पडदे दाराबाहेर टांगणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हें शास्त्र कोणीं शिकविलें नव्हतें.

आम्हीं बांबूच्या काड्यांचा पडदा आणून सज्जाखालीं, कांचेच्या बाहेर टांगला. कांच व पडदा यांमध्यें वीतभर अंतर ठेवलें, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते. वादळी वाऱ्याची भीति असते, म्हणून तो खालीं गजांना घट्ट बांधला. दक्षिणेच्या खिडकीला असा खटाटोप लागत नाहीं. मेअखेर सूर्य आमच्या अगदीं माथ्यावर येतो. तेथें सज्जा पुरतो.

मग फटी. सरकत्या खिडकीच्या कडेची लोकरी पट्टी झिजते आणि तेथून लू आंत येते. यंत्र व पंखा बंद करून पेटलेली उदबत्ती कडेकडेनें फिरवावी. धूर जेथें आडवा होईल तेथें फट समजावी. पट्टी बदलण्यास फार खर्च येत नाहीं.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे, कारण आमच्या शेजाऱ्यांनीं उत्साहानें नेमकें उलट केलें. घरांत पाण्याचा कूलर असेल तर खिडक्या बंद करूं नयेत. कूलरची ओलसर हवा बाहेर जावयास वाट हवी. नाहीं तर खोलींत नुसती दमट घुसमट होते. स्वयंपाकघराची खिडकी तर कधींच बुजवूं नये. जेथें गॅस जळतो तेथें मोकळी हवा पाहिजेच.

मोठें यंत्र आलें नाहीं. जुनें पूर्वीं २० अंशांवर ठेवीत असूं, आतां २४ वर भागतें. एक अंश वाढविल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज आहे. आक्का नऊ वाजतां झोपूं लागल्या, हें मला बिलाहून मोठें वाटतें.

त्यांची एकच तक्रार राहिली: पडद्यामुळें सूर्यास्त दिसत नाहीं. म्हणून साडेसहाला, ऊन नरमलें कीं, नातू पडदा वर गुंडाळून देतो.