तव्यावरचा गंज



आपल्या वऱ्हाडात 'गंज' म्हटले की घरच्या बाईच्या डोळ्यांपुढे वरण शिजवायचे भांडे येते. लोखंडावर चढतो त्याला आपण 'जंग' म्हणतो. पुस्तकात मात्र त्या तांबड्या थरालाच गंज म्हणतात. आज मी हा शब्द पुस्तकी अर्थाने घेणार आहे. नाही तर भाषण ऐकून कुणी वरणाचा गंज चिंचेने घासायला बसायचे!

मृग बरसला, हवा दमट झाली, की भिंतीला टांगलेला तवा चार दिवसांत तांबूस दिसू लागतो. उन्हाळाभर माळ्यावर पडलेली कढई खाली काढावी तर हाताला भुकटी लागते. मग कुणीतरी म्हणते, "आता ह्यात काही राम नाही, द्या भंगारवाल्याला." किलोच्या भावाने तवा जातो आणि त्याच्या जागी गुळगुळीत, काळ्या लेपाचा नवा तवा येतो. माझे सांगणे एवढेच, की गंजलेला तवा मेलेला नसतो. आरपार भोक पडले नसेल, पापुद्रे निघून पत्रा कागदासारखा झाला नसेल, तर तो तासाभरात पुन्हा कामाला लागतो.

गंज म्हणजे काय, ते आधी पाहू. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी ही तिन्ही एकत्र आली की गंज तयार होतो. मिठाचा अंश असला तर काम आणखी लवकर होते. लोखंड दगडमातीतून काढलेले असते आणि संधी मिळाली की ते पुन्हा तिकडेच जाऊ पाहते. आपल्याच जिल्ह्यात, बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडला नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केले. तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची लोहयुगातली वस्ती उजेडात आली. म्हणजे लोखंडाशी आपला घरोबा आजकालचा नव्हे. आणि लोखंड जितके जुने, तितकीच गंजाची कटकटही जुनी! हा गंज भुसभुशीत असतो. तो खालच्या लोखंडाला झाकत नाही. उलट ओल धरून ठेवतो आणि आत आत खात जातो. म्हणून गंज दिसला की त्याच दिवशी काढावा.

आता कृती ऐका. आधी कोरड्या राखेने किंवा विटकरीच्या भुकटीने, नारळाच्या शेंडीने तवा खसखसून घासा. सुटा गंज निघून जाईल. मग लिंबाएवढी चिंच थोड्या कोमट पाण्यात कोळून तो दाट कोळ तव्यावर फासा आणि अर्धा तास ठेवा. चिंचेतले आम्ल गंज विरघळवते. चिंच नसेल तर लिंबू चालेल, आंबट ताकही चालेल. ताकाला वेळ जास्त लागतो. पण रात्रभर भिजत ठेवू नका बरं का! गंज संपला की आम्ल लोखंडालाच लागते. संडास धुण्याचे ॲसिड तर स्वयंपाकाच्या भांड्याजवळही आणू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवरही हा प्रयोग नको. तिथे मुलामाच निघून जाईल.

पुन्हा राखेने घासून स्वच्छ धुवा आणि लगेच चुलीवर ठेवा. नुसते फडक्याने पुसून भागत नाही. उघडे पडलेले लोखंड इतके हावरे असते, की ओले ठेवले तर पाहता पाहता पुन्हा तांबूस होते.

इथवर बऱ्याच जणी करतात. खरे काम ह्यापुढचे आहे. तवा कोमट असताना जवसाच्या तेलाचे चार थेंब दोन्ही बाजूंना चोळा आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळे पुसून घ्या. मग धूर निघेपर्यंत तापवा, निवू द्या. असे तीन-चार वेळा करा. खिडकी उघडी ठेवा, लेकरे दूर ठेवा. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्याचा काळाभोर, कडक पापुद्रा लोखंडाला चिकटतो. ओल आणि लोखंड ह्यांच्यामध्ये तो पहारेकऱ्यासारखा उभा राहतो. तेल जास्त झाले तर मात्र थर चिकट होतो आणि उकलतो. जवस नसेल तर करडईचे किंवा सोयाबीनचे तेल घ्या. एक सावधगिरी सांगतो. जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा चुलीत घाला.

पुढे रोजची निगा सोपी आहे. धुतलेला तवा चुलीवर कोरडा करावा, तेलाचे बोट फिरवावे. भाजी कढईत रात्रभर ठेवू नये. बिडाच्या तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, तो तडकतो.

कुणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली, की लोहाचा थोडा अंश अन्नात उतरतो. म्हणून कढई औषधाच्या गोळ्यांची जागा घेते असे नाही. पण रोजच्या जेवणाला तिचा हातभार लागतो. मात्र गंज म्हणजे टॉनिक नव्हे. त्यातले लोह अंगी फारसे लागत नाही आणि भाकरीची चव तेवढी बिघडते. सिकलसेल किंवा थॅलेसेमियामुळे ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वागावे.

गुरुजनांना एक विनंती. शाळेच्या पोषण आहाराची लोखंडी कढई उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी कोरडी करून, तेल लावून ठेवायला सांगा. आणि वर्गात तीन बाटल्यांत तीन खिळे ठेवा. पहिल्या बाटलीत खिळा अर्धा बुडेल एवढे साधे पाणी घाला. दुसरी उकळून निवलेल्या पाण्याने भरा आणि वर तेलाचा थर द्या. तिसरी कोरडी ठेवून तिच्यात कळीच्या चुन्याचा खडा टाका. दुसरी आणि तिसरी बाटली घट्ट बंद करा. आठ दिवसांनी कोणता खिळा गंजला, ते मुलांनाच सांगू द्या. त्या संध्याकाळी घरी जाऊन तीच मुले आईला सांगतील, "माय, तवा ओला नको ठेवू." भंगारवाल्याच्या गाडीवर जाणारा एखादा तवा त्याने वाचला, तरी हे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.